बोटवळणी

डोळ्यांच्या मधोमध डाग पडला
तेव्हा सगळ्यात आधी मी सुईचा डबा
शेजारच्या फिलिपाला देऊन टाकला.
अडतीस वर्षं ओल्यांवच्या धक्क्यावर बसून
सार्डिनची जाळी सांधली मी,
देओलिंदा, अबीलिओची विधवा.
जाळ्याचा एकेक डोळा शिवला,
माझे दोन राहिले.

मुलगी लिस्बनहून आली,
फ्रिजवर कागद चिकटवून गेली,
म्हणाली, लाल अक्षरांत लिहिलंय,
रोज अर्धा तास, आई, तुला जमेल, वगैरे.
मला दिसायच्या कागदाच्या कडा
आणि चुंबकाचा कोंबडा.
मधला मजकूर, म्हणजे नेमका धीर,
डागाखाली.

मंगळवारी जेर्मानो यायचा ब्रेल शिकवायला.
पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. जन्मांध, वात्रट.
माझी बोटं चाचपून म्हणाला,
"बाई, ही बोटं नव्हेत, बुटाचे तळ आहेत."
खरंच होतं. दोऱ्यानं आणि मिठानं
कातडी अशी निबर झालेली
की गरम तवासुद्धा उशिरा कळायचा.
ठिपके कसले कळतात?
रोज रात्री कोमट ऑलिव्ह तेलात बोटं बुडवून बसायचे,
तळणीला टाकायच्या आधीच्या माशांसारखी.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
माझे सहाच भरले.
सातव्या दिवशी लेवान्त वारा सुटला, गुडघे धरले,
पाटी कपाटात गेली, चादरींखाली.
मग आठवा, मग अकरावा.
ये रे माझ्या मागल्या.
रेडिओवर कोणी बाई सांगत होती
मनात जिद्द पेटवा म्हणून.
पेटवली की. पावसाळी काडीसारखी,
फुस्स झाली, हाताला वास तेवढा राहिला.

विसाव्या दिवशी असेल, फिलिपा वर आली,
फाटकं जाळं मांडीवर टाकून म्हणाली,
मावशी, इथं केवढं भोक पडलंय, टाकून देऊ?
मी खेकसलेच.
भोक पडलं म्हणून जाळं टाकतं का कोणी?
भोकाच्या कडेला बसायचं,
पहिली धड गाठ शोधायची,
तिथून पुढं.

ती गेल्यावर बराच वेळ
माझंच बोलणं स्वयंपाकघरात फिरत राहिलं,
बाहेर जायला वाट न सापडलेल्या माशीसारखं.

अर्धा तास नको, म्हटलं. एक ओळ.
कॉफीचं भांडं शेगडीवर चढतं
आणि गुरगुरायला लागतं, तेवढ्या वेळात एक ओळ.
मन असो, नसो. मनाला विचारायचंच नाही,
त्याला मी खुर्चीसुद्धा देत नाही.
कधी ओळ कळायची,
कधी सबंध ओळ म्हणजे खडबडीत भिंत.
भांडं गुरगुरलं की पाटी बंद.
अंगवळणी पडतं म्हणतात ना,
अंग माझं वळायचं थांबलंय केव्हाच.
बोटंच वळली.
पहाटे मी जागी होण्याआधी
ती पांघरुणावर काहीतरी शोधत असतात.

आज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायला
एप्रनच्या खिशात हात घातला.
खोक्यावर बोट थबकलं.
एक तिरपी जोडी: ए.
मग चार ठिपके, दाटीवाटीनं: न.
मग एकटाच, वरच्या कोपऱ्यात: आ.
मग तीन, काठीसारखे उभे.
एनालाप्रिल.
कॉफी उतू जाऊन विझली पार.

नऊ वर्षं हे खोकं खिशात घेऊन फिरतेय मी.
बाजारात, चर्चमध्ये, अबीलिओच्या मातीला.
नऊ वर्षं ते बोलत होतं,
आणि मी नुसती गोळी गिळत होते.

कविता नाही, प्रार्थना नाही, मुलीचं पत्र नाही.
आयुष्यात बोटानं वाचलेला पहिला शब्द
औषधाचा.
जेर्मानो हसून हसून खुर्चीवरून पडेल.
मंगळवारी सांगीन.

आधी शेगडी पुसते.
पुन्हा भांडं चढवते.
आजची ओळ राहिलीय.